दगाबाजाने कान धरला: कर्जत-खालापुरातले चार दिवस

गुरुवारी दुपारी मोबाइलवर चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ आला. मोकळ्या मैदानात उभारलेली कुस्तीची रिंग, चारी बाजूंनी दोर, भोवती हजारभर माणसं. मधोमध काळी विजार घातलेला, पोट सुटलेला, मोठ्या मिशांचा एक गडी गुडघ्यांवर बसलेला आणि सगळं मैदान एका सुरात ओरडतंय, "दगाबाज, दगाबाज." एक चप्पल उडत येते आणि त्याच्या खांद्याला लागते. तो ती उचलतो, वास घेतो, नाक मुरडतो. लोक आणखी पेटतात.

पाठवणाऱ्याने खाली लिहिलं होतं, "मेघाताई, तुमचा शब्द बघा कसा धावतोय."

या ब्लॉगवर मी घाट, देवळं, खानावळी यांच्याबद्दल लिहीत आले. पोट कशावर भरते ते कधी सांगितलं नाही. मी निवडणुकीची भाषणं लिहून देते. गेल्या वर्षी खालापूरकडच्या एका पुढाऱ्यासाठी लिहिलं होतं. त्यांना इथे आबासाहेब म्हणू. त्यांचा वीस वर्षांचा सोबती दुसऱ्या पक्षात गेला होता आणि त्याला झोडपायला त्यांना एक शब्द हवा होता. गद्दार सगळेच म्हणतात, म्हणून मी दगाबाज दिला. पहिल्याच सभेत चालला. आता आबासाहेबांच्या लोकांनी तालुक्यात दिखाव्याची कुस्ती सुरू केली होती, टीव्हीवर असते तशी, आधी ठरवून खेळलेली. तिच्यातल्या खलनायकाचं नाव त्यांनी दगाबाज ठेवलं होतं. नायक आबासाहेबांचा पुतण्या, नाव ढाण्या.

व्हिडिओ मी वीसेक वेळा पाहिला. मग कपाट आवरायला काढलं, अर्धवट सोडलं, खाली जाऊन स्कूटरची हवा बघून आले. संध्याकाळी प्रचार कार्यालयातून त्या गड्याचा नंबर मागून घेतला. त्याचं खरं नाव हरिश्चंद्र, म्हणजे हरिभाऊ, राहणार पोशीर, नेरळजवळ. फोनवर मी सांगितलं की प्रवासाबद्दल लिहिते, तुमचा खेळ बघायचाय. शब्दाचं काही बोलले नाही.

"या की," तो म्हणाला. "रविवारी मोहोपाड्याला मोठा खेळ हाय, आबासायबांचा वाडदिवस. पन त्याआदी घरी या. उद्या तालीम हाय आमची."

शुक्रवारी सकाळी सहाला पुणे सोडलं. स्कूटरवाल्यांनी जुना हायवे धरायचा. कामशेतला चहा, लोणावळ्यात न थांबता पुढे. खंडाळ्यानंतर घाट उतरताना काही वेळ मोठ्या ट्रकांच्या पोटाशी चालावं लागतं, तेव्हा डावी कडा सोडू नका. शिंगरोबाच्या देवळाशी सगळ्या गाड्या हळू होतात, चालक खिडकीतून नाणं टाकतात. मीही थांबले, पण हात जोडेपर्यंत पाय पुन्हा फूटबोर्डवर होते. खोपोलीत मिसळ खाल्ली, सत्तर रुपये, तर्री वेगळी मागून घ्या. तिथून पळसदरीवरून कर्जत पंधरा किलोमीटर, रस्ता चांगला आहे. स्टेशनजवळच्या लॉजवर आठशे रुपयांत खोली मिळाली. पिशवी टाकली आणि नेरळची वाट धरली. पलंगावर बसलेसुद्धा नाही.

नेरळहून कळंबच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. भात कापून झालं होतं आणि त्याच ओलीवर वाल पेरलेला, हिरवागार, शेंगा भरलेल्या. हवेत थंडी होती आणि कोणीतरी बांधावरचं गवत जाळत होतं. हरिभाऊचं घर विचारायला एका दुकानाशी थांबले.

"कंचा हरिश्चंद्र?" दुकानदार म्हणाला. "दगाबाज का? त्यो पान्याच्या टाकीमागं." त्याने तोंडावरचं हसू लपवलं नाही.

हरिभाऊ चव्वेचाळीस वर्षांचा. व्हिडिओत राक्षस वाटणारा माणूस अंगणात बनियनवर बसून नातेवाइकांच्या लग्नाच्या पत्रिका चष्म्यातून वाचत होता. पूर्वी जत्रांमधून मातीतली कुस्ती खेळायचा, गुडघा गेला म्हणून सोडली. मग टेंपो चालवला, भातशेती होतीच. या नव्या खेळात त्याला वसंत मास्तरांनी आणलं. मास्तर रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, काटकुळे, पांढऱ्या मिशीचे. रिंग त्यांनीच जोडली, पंचही तेच.

तालीम खळ्यात होती. जुन्या गाद्या एकमेकींना शिवून अंथरलेल्या. थोड्या वेळाने मोठ्या गाडीतून पुतण्या आला, विराज, चोवीस वर्षांचा, जिममध्ये कमावलेलं अंग, वागायला नम्र. आल्या आल्या हरिभाऊच्या पाया पडला. मला वाटलं होतं दोघांत खुन्नस असेल. उलट पुढचा दीड तास खलनायक नायकाला जिंकायला शिकवत होता.

"हनुवटी छातीला लाव. पाठ सपाट पडली पायजे. हात दोनी बाजूला आपट, आवाज त्यानं येतो." हरिभाऊ पडून दाखवायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. "आता मला उचल. कमरेला धर."

विराजने त्याला खांद्यावर घेतलं आणि गादीवर टाकलं. धूळ उडाली. मी दचकले.

"ताई, त्यानं मला उचललं असं तुमाला वाटलं ना?" हरिभाऊ उठत म्हणाला. "नव्वद किलो हाय मी. ह्याच्या बापाच्यानं उचलवनार नाय. मीच उडी मारतो, त्यो फकस्त धरतो. पडताना बी मीच वळतो."

"म्हणजे ताकद तुमची आणि टाळ्या त्याच्या?"

"त्येच काम हाय माजं," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. "लोकांना त्यो मोठा दिसला पायजे. मला चांगलं पडता आलं तर त्यो मोठा दिसतो."

मास्तरांनी मग खुणा पक्क्या करून घेतल्या. मनगट दाबलं की पुढची चाल. दोनदा दाबलं की दम खायचाय. आणि खरंच लागलं असेल तर डाव्या हाताने स्वतःचा कान धरायचा. कान कुठल्याही स्थितीत हाताला येतो, पडल्या पडल्यासुद्धा, म्हणून मास्तरांनी कान निवडला होता.

"पण लोकांना वाटेल माफी मागताहेत," मी म्हटलं.

"वाटू दे," हरिभाऊ म्हणाला. "विराजला कळलं म्हंजे झालं. काय रं?"

"कळतं ना काका," विराज म्हणाला.

ऊन कलल्यावर हरिभाऊच्या बायकोने, सुनंदाताईने, पोपटी लावली. तुम्ही थंडीत रायगडात जाणार असाल तर पोपटी चुकवू नका आणि हॉटेलातली खाऊ नका, कोणाच्या तरी शेतावर खा. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा. वरून पुन्हा पाला कोंबून मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब लागत नाही. सुनंदाताई कमी बोलणारी होती, पण माझ्या पानात शेंगा संपू देत नव्हती. मुलगी प्राजक्ता नववीत. ती शेंगा सोलत बसली होती. मी तिला सहज विचारलं की बाबांचा खेळ बघतेस का. तिने मान हलवली, नाही, आणि उठून आत गेली. सुनंदाताईने तिच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शाळंत तरास देतात तिला," एवढंच म्हणाली.

मला तिथेच सांगायला हवं होतं. मी आणखी एक शेंग सोलली.

शनिवार मोकळा होता आणि मोकळा दिवस मला खायला उठतो. कोंडाण्याची लेणी बघायला निघाले. कर्जतहून कोंडिवड्याच्या रस्त्याने गाव गाठायचं आणि तिथून तास-सव्वा तास चढ. वाट स्पष्ट आहे, दाट झाडीतून जाते. पाणी खालूनच घेऊन चला. चैत्यगृहाच्या कमानी बघताना मान दुखते इतक्या वर कोरल्या आहेत. कोणीतरी इतक्या उंचीवर, इतक्या सावकाश, वर्षानुवर्षं एकच काम करत राहिलं. मी तिथे पंधरा मिनिटंही धड बसले नाही. दोनदा मोबाइल काढून बघितला, रेंज नव्हती.

उतरताना वाटेत एक ठाकर बाई लिंबू-सरबत विकत बसली होती. वीस रुपये ग्लास. बरोबर तिची जाऊ, लाकडाची मोळी बाजूला टेकवलेली. मी रविवारच्या खेळाचा विषय काढला. दोघींनी मागच्या महिन्यातला कर्जतजवळचा खेळ पाहिला होता. वाडीवरून टेंपो भरून माणसं नेली होती.

"ते मारतात ते खोटं असतं, माहीत आहे ना?" मी विचारलं.

"म्हाईत हाय," सरबतवाली म्हणाली.

"मग ओरडता कशाला?"

ती ग्लास विसळत होती. "सभंला नेतात तवा टाळ्या वाजवायच्या असतात. हितं शिव्या द्यायला मिळतात. आमी दुसरीकडं कुटं देनार?"

जाऊ म्हणाली, "मी चप्पल मारली व्हती. मंग परत आनली जाऊन."

दोघी हसल्या. मीही हसले आणि पुढची सगळी उतरण तिचं वाक्य मनात घोळवत उतरले. मी इतकी वर्षं भाषणं लिहिली, पण समोर बसलेल्या माणसाच्या तोंडात काही साठलं असेल असा विचार केला नव्हता. त्यांनी कुठे टाळ्या द्यायच्या एवढंच मी कागदावर आखत असे.

रविवारी दुपारी मोहोपाड्याला निघाले. कर्जतहून चौकपर्यंत सरळ रस्ता, मग जुन्या हायवेने दांड फाटा आणि तिथून रसायनीकडे आत. कारखान्यांच्या चिमण्या आधी दिसतात, वास त्याच्याही आधी येतो. कॉलन्यांच्या भिंती, पाळी संपवून सायकलवर घरी जाणारी माणसं, आणि प्रत्येक खांबावर आबासाहेबांचे फलक. काही फलकांवर ढाण्या आणि आबासाहेब एकाच पोजमध्ये होते, हात छातीशी बांधून. खाली दगाबाज, आडवा पडलेला. मैदानापासून अर्धा किलोमीटरवर पार्किंग आहे, गाडी तिथेच लावा, आत घुसवायचा प्रयत्न करू नका.

खेळ चारला होता, सुरू पाचला झाला. बायकांसाठी रिंगच्या उजवीकडे दोर बांधून जागा ठेवली होती. मी पुढे जाऊन बसले. ढोल, मग धूर, मग विराज आला तेव्हा मैदान उभं राहिलं. हरिभाऊ आला तेव्हा तर कान बधिर झाले. माझ्या शेजारची साठीची बाई, नऊवारी, हातात नातवंड, तोंड उघडून ओरडत होती, "दगाबाज, दगाबाज." तिच्या तोंडून तो शब्द ऐकताना मला पहिल्यांदा लाज वाटली. वाईट गोष्ट अशी की त्याच वेळी थोडा अभिमानही वाटला.

हरिभाऊ उत्तम होता. त्याने लोकांना डिवचलं, दोरामागे लपला, पंचांच्या नजरेआड डोळ्यांत माती टाकली, विराजच्या पाठीत लाथ घातली. पंचवीस मिनिटं त्याने मैदान नाचवलं. मग ठरल्याप्रमाणे विराज उठला, हरिभाऊ उडाला, विराजने धरलं आणि टाकलं. पाठ सपाट, हात बाजूला, आवाज मैदानभर. मास्तर गुडघ्यावर बसून मोजायला लागले. इथे खेळ संपायचा होता.

पण आबासाहेब माइक घेऊन रिंगमध्ये चढले. हे तालमीत नव्हतं.

"थांबा, मास्तर," ते म्हणाले. "एवढ्यात सोडायचा का याला? मी जनतेला विचारतो. आणखी एकदा?"

"आनखी एकदा," मैदान म्हणालं.

मास्तरांनी मान हलवून नको म्हटलं, पण आबासाहेब त्यांच्याकडे बघतच नव्हते. विराज बघत होता, एकदा मास्तरांकडे, एकदा आबासाहेबांकडे. मग वाकून त्याने हरिभाऊला कमरेला धरलं. हरिभाऊने मनगट दोनदा दाबलेलं मला दिसलं, दम खायचाय. विराज थांबला नाही. हरिभाऊने उडी मारली, पण अर्धीच. नव्वद किलो खरोखर विराजच्या खांद्यावर आले, घामाने हात सटकला, आणि हरिभाऊ वळायच्या आत खांद्यावर आदळला.

या वेळी आवाज वेगळा होता. हात आपटल्याचा नव्हता. आतून काहीतरी तुटल्याचा होता, आणि फार मोठाही नव्हता.

हरिभाऊ कुशीवर पडला होता. त्याचा डावा हात हळूहळू वर आला आणि त्याने कान धरला.

मैदानात जसा जल्लोष झाला, तसा मी कुठल्याही सभेत ऐकला नाही. आबासाहेबांनी माइक तोंडाशी नेला. "बघा, दगाबाजाने कान धरला. माफ करायचं का?"

"नाय," लोक म्हणाले.

"करायचं का?"

"नाय."

मास्तर पुढे धावले, पण आबासाहेबांबरोबर चढलेल्या दोघांनी त्यांना हसत हसत बाजूला घेतलं. त्यांना वाटलं म्हातारा नाटकात रंगलाय. विराज हरिभाऊकडे बघत उभा होता. त्याला खूण माहीत होती. तरीही तो वाकला आणि त्याने पुन्हा कमरेला हात घातला.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. दोर ओलांडताना कोणाच्या तरी पायावर पाय दिला, शिवी ऐकली. रिंगची फळी छातीइतकी उंच होती. खालच्या दोराखालून हात घालून मी विराजचा बूट धरला, दोन्ही हातांनी.

"विराज, कान," मी म्हटलं. "कान धरलाय त्यांनी. खरा."

त्याने खाली बघितलं. त्याचा चेहरा झोपेतून उठवल्यासारखा होता. "लोक..." एवढंच म्हणाला. मग हरिभाऊच्या कमरेवरचे हात काढले आणि तिथेच खाली बसला.

पाण्याची एक बाटली माझ्या पाठीत लागली. मागून हुर्यो सुरू झाली होती. आबासाहेबांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण माइक हातात असलेल्या माणसाला गप्प राहता येत नाही. "दगाबाजाला सोडवायला बाई आली," ते म्हणाले आणि मैदान खदखदून हसलं. ते वाक्य माझ्याच कुठल्या तरी भाषणात शोभलं असतं. तेवढ्यात मास्तर सुटून आले, हरिभाऊच्या मानेखाली हात घातला आणि ओरडले की गाडी आणा. दहा मिनिटांनी ढोल पुन्हा सुरू झाले, केक कापायचा होता.

रसायनीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं. गळ्याचं हाड, कॉलरबोन, मोडलं होतं. मानेला काही नाही, डॉक्टर म्हणाले, दोन बोटं अलीकडे पडला असता तर वेगळं बोललो असतो. पट्टा बांधला, दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही. विराज ढाण्याच्या चकचकीत पोशाखात बाहेरच्या बाकावर बसून होता. मी त्याच्याशेजारी बसले.

"तुला दिसलं होतं," मी म्हटलं.

"दिसलं होतं." तो हातांकडे बघत होता. "आबासाहेब म्हणाले पुन्हा. लोक पण म्हणाले. मला वाटलं आता थांबलो तर मीच..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. रडायला लागला तेव्हा रंगवलेला गाल पुसला गेला.

सुनंदाताई आणि प्राजक्ता सातच्या सुमारास पोचल्या. त्यांच्या पाठोपाठ आबासाहेबांचा माणूस, फुलांचा गुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन. हरिभाऊने गुच्छ हातात धरावा असं त्याचं म्हणणं होतं.

"हात वर व्हत नाय," हरिभाऊ म्हणाला.

"दुसरा हात?"

"त्यो बी व्हत नाय."

तो गेला आणि अर्ध्या तासात विरोधी बाजूचा आला, हातात फक्त मोबाइल. खुर्ची ओढून जवळ बसला, आवाज मऊ. मुद्दाम मारलं असं मोबाइलसमोर बोला, बाकी आम्ही बघतो, म्हणाला. हरिभाऊने डोळे मिटले होते. मला वाटलं झोपला.

"मार खायचं मी कबूल केलं व्हतं," तो तसाच म्हणाला. "दुसऱ्यांदा उचलायचं कबूल केलं नव्हतं. पोरगं मुद्दाम करनारं नाय. येवढंच हाय. घ्यायचं तर घ्या."

"एवढ्याने कसं चालेल?" तो माणूस म्हणाला.

"मंग नका घेऊ."

त्याने खरंच घेतलं नाही.

सगळे गेल्यावर मी सांगितलं. उभी राहून सांगितलं, बसून जमलं नसतं. प्रवासाचं लिहिते हे खरं, पण भाषणंही लिहिते, आणि दगाबाज हा शब्द मी दिलेला आहे. 

"चांगला शब्द व्हता," हरिभाऊ पंख्याकडे बघत म्हणाला. "तोंडात बसतो. हजार मानसांना येकदम म्हनता येतो."

सुनंदाताई चांगलं म्हणाली नाही. तिने प्राजक्ताला बाहेर पाणी आणायला पाठवलं, दार लोटलं आणि माझ्यासमोर आली. "माज्या पोरीला शाळंत त्याच नावानं हाका मारतात. दगाबाजाची पोर. सहा महिनं झालं, ती मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडत नाय. आनि तुमी परवा माज्या घरी पोपटी खाल्लीत." तिचा आवाज चढला नव्हता. "तवा का नाय सांगितलंत?"

भीती वाटली, असं मी म्हणाले. ते खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. तिने दार उघडून धरलं. मी निघाले.

सोमवारी पहाटे उजाडताच लॉज सोडला. परतीला खोपोलीचा घाट चढताना स्कूटर तापते, मध्ये दोनदा थांबवा. पेट्रोल, खोली, खाणं सगळं धरून चार दिवसांना साडेचार हजारांच्या आत बसलं. जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, वाल तेव्हाच असतो.

पुण्यात पोचेपर्यंत कान धरलेल्या हरिभाऊची क्लिप माझ्या आधी पोचली होती, संगीतासकट. कार्यालयातून फोन आला, तिच्यावर दोन ओळी हव्यात. मी म्हटलं की मला जमणार नाही, आणि यापुढेही जमणार नाही. मला वाटलं होतं समोरचा काही तरी विचारेल. "बरं, दुसऱ्याकडून घेतो," तो म्हणाला. त्याला वीस मिनिटांत ओळी मिळाल्या. वाईट नव्हत्या.

महिन्याभरात आबासाहेब आणि त्यांचा जुना सोबती एका मंचावर दिसले, गळ्यात एकच मोठा हार. जाहीर झालं की गैरसमज होता. तालुक्यातला कुस्तीचा खेळ बंद पडला, कारण आता दगाबाज कोण ते कोणालाच ठरवता येईना. विराज मात्र दर रविवारी पोशीरला जातो असं मास्तरांनी फोनवर सांगितलं. गोठा साफ करतो, पाणी भरतो. हरिभाऊ त्याला काही बोलत नाही, चहा देतो.

मी रोज सकाळी उठते, लिहायला बसते आणि उठते. घरात फेऱ्या मारते. भाषणं नाहीत, मग हात कशाला लावायचा ते कळत नाही. मी काही मोठं सोडलं असं मला वाटत नाही, जे सोडलं ते कोणीतरी लगेच उचललं. पण त्या बुटाचा जाड, ओलसर तळ अजून तळहातांना आठवतो. इतक्या वर्षांत गर्दीच्या विरुद्ध दिशेने मी तेवढं एकच काम केलं.

परवा सुनंदाताईचा फोन आला. नंबर बघून मी उभीच राहिले. तिने खुशाली विचारली नाही, सांगितली. हरिभाऊचा हात खांद्यापर्यंत येतो, वर जात नाही. गावात आता त्याला कोणी शिव्या देत नाहीत, सगळे हळू बोलतात, त्यामुळे तो उदास होऊन ओट्यावर बसतो. प्राजक्ता मधल्या सुट्टीत बाहेर जायला लागली आहे, अजून एकटीच जाते, पण जाते.

"आनि तुमी?" तिने विचारलं. "लिवनं सोडलंत म्हनं."

"हो."

"मंग आता काय करनार?"

"माहीत नाही."

तिच्या मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. "पाऊस लागला की लावनी हाय," ती म्हणाली. "ह्यांचा हात चालत नाय. मानसं कमी पडतात."

मी हसले. ती हसली नाही.

"चिखलात उभं रायची सवय हाय का?"

"नाही," मी म्हटलं.

"व्हते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.